एका फिल्मची दोन चित्रे

काळ्या-पांढऱ्या छायाचित्रातला काळेपणा म्हणजे चांदी, असे आपण वर्गात सांगतो. प्रकाश पडलेल्या सिल्व्हर ब्रोमाइडच्या कणांचे डेव्हलपर क्षपण करतो, धातुरूप चांदी उरते आणि न बदललेला क्षार हायपोत विरघळून जातो. मात्र १९८० च्या सुमारास आलेल्या इल्फर्डच्या एक्सपी१ या काळ्या-पांढऱ्या फिल्मच्या तयार निगेटिव्हमध्ये चांदी उरतच नसे. मग चित्र कशाचे?

त्यासाठी १९१२ सालापर्यंत मागे जाऊ. काही डेव्हलपर चांदीच्या क्षाराचे क्षपण करताना स्वतः ऑक्सिडीकृत होतात आणि ते रेणू 'कपलर' या सेंद्रिय संयुगांशी जोडले की रंगद्रव्य बनते, ही कल्पना जर्मनीत रुडॉल्फ फिशर यांनी तेव्हा मांडली. पण कपलर एका थरातून दुसऱ्या थरात पसरत. आग्फाच्या रसायनज्ञांनी कपलरला लांब कार्बन-साखळीचे शेपूट जोडून तो जागीच खिळवला. १९३६ ची आग्फाकलर फिल्म त्यातून साकारली.

एक्सपी१ ने हेच रसायन काळ्या-पांढऱ्या चित्रासाठी वापरले. रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ प्रक्रियेत ३७.८ अंश सेल्सिअसला सव्वातीन मिनिटे डेव्हलप करायचे. मग ब्लीच आणि फिक्सर सगळी चांदी काढून नेतात आणि रंगद्रव्याचे मऊ चित्र मागे राहते. रंगीत फिल्म धुणारी कोणतीही प्रयोगशाळा हे काम करू शके.

डिजिटल कॅमेरे आल्यावर अशा प्रयोगशाळा कमी होत गेल्या. कोडॅकने आपली या प्रकारची फिल्म २०१४ मध्ये बंद केली. इल्फर्डची एक्सपी२ सुपर मात्र आजही मिळते. जवळ सी-४१ ची सोय नसेल, तर हा रोल वाया गेला का? नाही. १९२७ पासूनच्या डी-७६ सारख्या साध्या डेव्हलपरमध्येही तो घरी डेव्हलप होतो. एक लिटर डी-७६ मध्ये २ ग्रॅम मेटॉल, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट आणि २ ग्रॅम बोरॅक्स असते. इतके सल्फाइट ऑक्सिडीकृत रेणूंना कपलरपर्यंत पोचण्याआधीच निष्प्रभ करते. त्यामुळे रंगद्रव्य बनत नाही. ब्लीच वगळून फक्त फिक्सर वापरला की नेहमीचे चांदीचे चित्र मिळते. किती वेळ लागेल हे आधी छोट्या तुकड्यावर पाहावे. रंगद्रव्याचा मऊपणा मात्र जातो आणि कण अधिक उठून दिसतात.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कपलर न वापरलेले, जागीच खिळलेले असतात. पुढे कधी चांदीचे पुन्हा हॅलाइडमध्ये रूपांतर करणाऱ्या ब्लीचमध्ये निगेटिव्ह बुडवून, प्रकाश दाखवून रंगीत डेव्हलपर दिला, तर रंगद्रव्याचे चित्रही मिळू शकते. उलट दिशेने जाता येत नाही, कारण तिथे चांदी केव्हाच धुऊन गेलेली असते.

नीट फिक्स केलेली आणि धुतलेली चांदी सामान्यतः रंगद्रव्यापेक्षा जास्त टिकते. तेव्हा वर्गात विचारावे: जपून ठेवायचा एकच रोल हाती असेल, तर त्याला आधी कोणत्या डेव्हलपरमध्ये घालाल, आणि का?