संथ पावलांचा इतिहास

आमच्याकडे इतिहास म्हटला की घोडदौड आलीच. वसईकराला तर हे अधिकच लागू. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून तट फोडला आणि खिंडारावर धाव घेतली, ही हकीकत आम्ही मास्तर मंडळी पोरांना दरवर्षी रंगवून सांगतो. परंतु मुद्दाम हळू चालायला शिकण्यासाठीही माणसाने शतकानुशतके घाम गाळला आहे. शाळेच्या संमेलनात नाटके बसवता बसवता मी त्या घामाचा माग काढू लागलो. हाती लागले ते येथे मांडतो.

नटाने रंगभूमीवर कसे चालावे, यासाठी भरताच्या नाट्यशास्त्रात एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात पावलाचा काळही मोजून दिला आहे. देव, राजे अशा उत्तम पात्रांच्या पावलाला चार कला, मध्यम पात्रांना दोन, आणि नीच मानलेल्या पात्रांना एक. कला हे काळाचे माप. म्हणजे राजा एक पाऊल टाकी तोवर चाकराने चार टाकावयाची! संथपणा ही नुसती शोभेची बाब नव्हती, ती मानाची होती. ज्याला कोणी दरडावून बोलावू शकत नाही, त्यालाच सावकाश चालणे परवडते.

तथापि राजाचे सोंग घेणारा नट काही राजा नसे. त्याला ती चाल कमवावी लागे. ही कमाई कशी होते, याचा उत्तम दाखला मराठी राजांच्याच दरबारी सापडतो. मात्र तो महाराष्ट्रात नव्हे, तंजावरात.

व्यंकोजीराजांच्या वंशातले दुसरे सरफोजी १७९८ साली गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. (पेशवाईच्या गळ्यातला असलाच फास ३१ डिसेंबर १८०२ रोजी आमच्या वसईतच तहाच्या रूपाने आवळला गेला.) सरफोजींकडे उरला तंजावरचा किल्ला, ग्रंथ आणि कला. त्यांनी नृत्यासाठी मराठी रचना केल्या. ‘कोरव्याचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने त्या प्रसिद्ध आहेत. आरंभीच्या ‘जयजय’पासून अखेरच्या ‘मंगळा’पर्यंत एकच कथा अठरा भागांत नाचून दाखवायची, अशी त्यांची योजना. पुढे मुंबईचे गुरू पार्वतीकुमार यांनी या मराठी साहित्याचा कसून अभ्यास केला. त्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार बंधू होते. आज ज्याला भरतनाट्यम् म्हणतात त्याच्या शिक्षणाची व प्रयोगाची घडी या चौघांनी बसवली.

त्या शिक्षणाचा पाया म्हणजे अडवू. गुडघे बाहेर वळवून अर्धे बसायचे आणि गुरू लाकडी ठोकळ्यावर दांडक्याने ताल देईल त्याप्रमाणे पाऊल आपटायचे. हे तीन काळांत. पहिला विलंबित, दुसरा त्याच्या दुप्पट, तिसरा चौपट. बाहेरच्या माणसाला वाटते, कठीण तो तिसरा. नाचणारणीला विचारा! वेगात शरीर आपल्याच झोकाने पुढे जाते आणि चूक झाकली जाते. विलंबितात झोक मिळत नाही. सारा भार मांड्या पेलतात, तोल एका पायावरून दुसऱ्यावर जाताना उघडा पडतो, आणि दोन ठोक्यांमधली रिकामी जागा मनानेच भरावी लागते. म्हणून आधी विलंबित आणि मग दुप्पट.

ही विद्या अंगात वागवली ती देवदासींनी. १८८० साली तंजावरच्या राजकन्येचा सयाजीराव गायकवाडांशी विवाह झाला, तेव्हा गौरा आणि कांतिमती या नर्तकी आंदणातल्या वस्तूंबरोबर बडोद्याला आल्या. राजाची चाल ज्यांनी पायांत भिनवली, त्यांनाच आंदण म्हणून द्यावे, ही केवढी विटंबना! १९४७ साली मद्रास सरकारने देवदासी प्रथा कायद्याने बंद केली, ते योग्यच झाले. परंतु नृत्य मोठ्या घरांत शिरले, प्रतिष्ठित झाले, आणि ते जपणाऱ्या बायका मात्र आडोशाला गेल्या.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळू. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात होळीनंतर, पावसाळ्यापूर्वी, बोहाडा होतो. रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर, गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण अशी सोंगे मुखवटे घालून नाचत येतात. मुखवटा जड, त्यातून दिसते थोडे. घाई केली की तो कलंडणार. तेव्हा पाय आपोआप जपून पडतो आणि मान डौलाने फिरते. येथे ठोकळा नाही, ग्रंथ नाही; मुखवट्याचे ओझे हाच गुरू. एरवी दुसऱ्याच्या हाकेसरशी धावणारा शेतमजूर त्या रात्री देवाच्या पावलाने चालतो आणि गाव त्याला वाट करून देतो.

वाचकहो, भरताच्या मापाने पाहिले तर एक कलेचा माणूस येथे चार कलांचा होतो. आमच्या विरारच्या फलाटावर तर आपण सारेच एक कलेचे! माझ्या वर्गातली पोरेही रंगमंचावर येतात ती गाडी चुकल्यासारखी. त्यांना मी संवाद मागाहून देतो. आधी एका विंगेतून दुसऱ्या विंगेत सावकाश चालत जायला सांगतो. पहिल्या दिवशी ती हसतात. आठवड्याने त्यांच्यातला एखादा, बहुधा मागच्या बाकावरचा, मान वर करून असा चालत येतो की बाकीची गप्प होतात. चार कला कोणाच्या बापाची मिरास नाही, हे त्याला मला शब्दांत सांगावे लागत नाही.