ती हळदणकरांची मुलगी

मंडळी, आज एक जुनी चूक कबूल करायची आहे.

साधारण वीस वर्षांपूर्वी एका मेल-फॉरवर्डमध्ये ते प्रसिद्ध चित्र आलं होतं. हातात दिवा घेतलेली तरुणी, ज्योतीवर धरलेला तळवा आणि बोटांतून झिरपणारा लालसर उजेड. खाली नाव: राजा रविवर्मा. मी कौतुकाने आजीला दाखवलं. आजीचं माहेर सावंतवाडी. ती म्हणाली, "ता चित्र आमच्या हळदणकरांचा रे. आणि ता तेंचाच चेडू." चेडू म्हणजे मुलगी. मी हसलो. म्हटलं, आजी, इंटरनेटवर लिहिलंय! ती "बरां" म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

पुढे बेंगळुरूच्या ऑफिसात असताना एका वीकेंडला मैसूरला गेलो. जगनमोहन पॅलेसच्या गॅलरीत मूळ चित्र पाहिलं. चित्रकार: सा. ल. हळदणकर. तोवर आजी गेली होती.

मग वाचत बसलो. सावळाराम हळदणकर १८८२ साली सावंतवाडीत जन्मले, मुंबईत जे. जे.त शिकले. १९१८ च्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाचे ते एक संस्थापक. हे चित्र जलरंगातलं आहे. तैलरंगात चुकलं तर वरून दुसरा रंग देता येतो, जलरंगात 'अनडू' जवळजवळ नाहीच. आणि दिवा धरून उभी आहे ती त्यांची मुलगी गीता, लग्नानंतरच्या गीता उपळेकर.

हिशोब सोपा आहे. रविवर्मा २ ऑक्टोबर १९०६ ला वारले. गीताताई कोल्हापुरात २०१८ साली गेल्या, योगायोगाने २ ऑक्टोबरलाच, वयाच्या १०२ व्या वर्षी. म्हणजे रविवर्मा गेल्यावर सुमारे दहा वर्षांनी त्या जन्मल्या!

मग ही चूक झाली कशी? रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या चित्रांच्या छापील प्रती घरोघरी गेल्या. तेव्हापासून साडीतली सुंदर बाई दिसली की आपण डोळे मिटून त्यांचं नाव घेतो.

आमच्या धंद्यात कोडची प्रत्येक ओळ कोणी लिहिली याची नोंद असते. इथे तर खुद्द मॉडेल २०१८ पर्यंत कोल्हापुरात होती. मी आजीला हसलो तेव्हाही होती. आणि ज्या आजीला ठाऊक होतं, तिला मी "अजून काय माहीत आहे?" एवढंसुद्धा विचारलं नाही.

असो. पुढच्या वेळी ते फॉरवर्ड आलं, तर नाव दुरुस्त करूनच पुढे पाठवा. आजीचं माझ्याकडे एवढं देणं राहिलंय.