मेक्सिकोचा भुंगेरा मीरा रोडला

पावसाळ्यात मीरा रोडच्या मोकळ्या प्लॉटवर मी कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स लावून उकिडवा बसलो, की येणारे-जाणारे विचारतात, ‘काही हरवलं का?’ लेन्समध्ये असतं गाजर गवताचं साबुदाण्याएवढं पांढरं फूल. हे तण पुण्यात १९५५ साली नजरेत भरलं. पीएल-४८० च्या गव्हातून ते आलं, असं आपण सर्रास म्हणतो; पण तो करार १९५६ चा! त्याच्या पानावरचा पांढुरका, तपकिरी रेघांचा भुंगेरा मात्र रीतसर बोलावलेला पाहुणा. मेक्सिकोहून आणून, चाचण्या घेऊन १९८४ मध्ये त्याला बंगळूरला सोडलं. पावसाळा लागला की तो जमिनीतून वर येतो आणि पानं फस्त करतो.

या गवतानं अंगाला खाज सुटते, दमा बळावतो. त्याची बाजू मी घेणार नाही. पण काही सोसायट्या नेमकं भर पावसात तणनाशक मारतात. मग भुंगेऱ्याचं अन्न जातं आणि शेजारची एकदांडीही जळते, जिच्या मधावर फुलपाखरं येतात. गाजर गवत फुलण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटावं. एकदांडी तेवढी राहू द्या.