तिकीट खुर्चीचं, पोटाचं नाही



"सिनेमा परवडतो गं, मध्यंतर परवडत नाही." हे वाक्य मी सांगलीत ऐकते आणि माहेरी साताऱ्याला गेले की तिथेही ऐकते. मूठभर मक्याच्या लाह्यांना दोन-अडीचशे रुपये, आणि हॉटेलात चौघं जेवली की आठवड्याच्या भाजीचे पैसे संपतात. आपण घरी येऊन कुरकुरतो आणि विसरून जातो. पण करमणूक आणि खाणं यांची अशी सांगड कधी पडली, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. त्याची सुरुवात तर आपल्या सांगलीतूनच होते.

5 नोव्हेंबर 1843 रोजी विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या राजवाड्यात 'सीतास्वयंवर' केलं. खर्च चिंतामणराव पटवर्धनांचा, म्हणजे संस्थानचा होता. पाहणाऱ्याच्या खिशाला हात लागला नाही. 1851 मध्ये चिंतामणराव गेले, राजाश्रय संपला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावं लागलं. 1853 मध्ये ते मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात पोचले. तिथे तिकीट लावून खेळ झाले. नटांची पोटं तिकिटावर चालायची, त्यामुळे यात गैर काही नव्हतं.

पण ते तिकीट खुर्चीचं होतं. प्रेक्षकाने काय खायचं, हा त्याचा प्रश्न होता. आपण लहानपणी पाहिलेल्या नाटक-सिनेमापर्यंत हेच चाललं. मध्यंतराला बाहेर बटाटावडा असायचा. आपल्याला बटाटा चालत नाही, म्हणून आई घरून चिवडा आणि दशम्या घ्यायची. शेजारची बाई वडा खायची, आपण दशमी खायचो. कोणी कोणाला अडवत नव्हतं.

भावाविरुद्ध बायका रस्त्यावर आल्या त्या पोटासाठी. 1972 च्या दुष्काळात मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मुंबईत लाटणी घेऊन मोर्चे निघाले. मागणी धान्य, तेल, साखर, रॉकेल यांची होती. 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली, तिथे कुटुंबांचे गट करून महिन्याचा माल एकत्र आणून वाटला जाऊ लागला. 1977 च्या नियमांनी पाकिटावर किंमत छापणं आलं, आणि 1990 पासून ती सगळे कर धरूनच छापावी लागते. 24 डिसेंबर 1986 ला ग्राहक संरक्षण कायदा झाला. किराणा दुकानात आपण "यावर छापलंय त्यापेक्षा जास्त का?" असं ठणकावून विचारतो ना, त्यामागे एवढी माणसं उभी आहेत.

मग हा हक्क मल्टिप्लेक्सच्या दाराशी का थांबतो? मी कॉमर्सची विद्यार्थिनी, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगते. छापील किंमत बंद पाकिटाला असते. लाह्या, समोसा, चहा ही सुटी वस्तू, तिला छापील किंमत नसते. मालक म्हणेल तो भाव. पाकिटाच्या बाबतीत एक पळवाट होती, ती म्हणजे बाटली तीच पण मॉलसाठी वेगळी किंमत छापायची. 1 जानेवारी 2018 पासून एकाच मालावर अशा दोन किमती छापायला मनाई झाली. पण त्याच्या थोडं आधी, 12 डिसेंबर 2017 ला, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की हॉटेल बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त भावाने देऊ शकतं, कारण तिथे नुसती बाटली विकली जात नाही, बसायची जागा आणि सेवाही असते.

हॉटेलच्या कराचंही असंच. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा वातानुकूलित हॉटेलला 18 टक्के आणि साध्याला 12 टक्के होता. 15 नोव्हेंबरला दोन्हीकडे 5 टक्के झाला. आपल्याला वाटलं बिल उतरेल. पण त्याच वेळी हॉटेलांना मालावर भरलेल्या कराची वजावट बंद झाली. ती कसर अनेकांनी मूळ भाव वाढवून भरून काढली. कर उतरला आणि बिल जिथल्या तिथे राहिलं.

2018 मध्ये मात्र महाराष्ट्रात हा विषय पेटला. बाहेरचं खाणं आत नेऊ द्यावं म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका होती. एप्रिलमध्ये न्यायालयाने या भावांबद्दल नाराजी दाखवली. जूनमध्ये पुण्यात आंदोलन झालं. जुलैमध्ये राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी अधिवेशनात सांगितलं की बाहेरचे पदार्थ नेण्यास बंदी नाही. आपण खूश झालो. ऑगस्टमध्ये त्याच सरकारने न्यायालयात सांगितलं की यात हस्तक्षेपाची गरज वाटत नाही. याच मल्टिप्लेक्सना उभं राहताना करमणूक शुल्कात काही वर्षं सवलत मिळाली होती, हेही लक्षात ठेवा.

शेवटचा शब्द 3 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाचा. सिनेमागृह ही खासगी मालमत्ता आहे, बाहेरचं खाणं अडवण्याचा मालकाला अधिकार आहे, आणि प्रेक्षकाला तिथलं न घेण्याचा. कोणी जिलेबी आणून खुर्चीला चिकट बोटं पुसली तर काय, असंही न्यायमूर्ती म्हणाले. स्वच्छ पाणी मात्र फुकट द्यायचं, आणि तान्ह्या बाळाचं खाणं नेऊ द्यायचं.

न घेण्याचा हक्क ऐकायला छान आहे. पण आपल्या घरात अंथऊ पाळणाऱ्या, कंदमुळं न खाणाऱ्या बाईला तो कसा पडतो? गेल्या हिवाळ्यात आमच्या भिशीच्या बायका दुपारी चारच्या खेळाला गेल्या. सत्तरीच्या एक काकू बरोबर होत्या. दाराशी त्यांचा डबा काढून ठेवला. आत त्यांना चालेल असं काही नव्हतं, आणि बाहेर येईपर्यंत दिवस मावळला होता. काकू दुसऱ्या दिवशी सूर्योदयापर्यंत उपाशी राहिल्या, आणि वर "माझ्यामुळे तुमचा विरस नको" म्हणाल्या. भाव जास्त असेल तर आपण घेणार नाही, त्याचं मला एवढं दुःख नाही. आपल्या घरचा घास अडवला, हे मला लागलं. मधुमेहाच्या माणसाचं, लहान मुलाच्या आईचंही हेच होत असणार.

तेव्हा जे आपल्या हातात आहे ते सोडू नका. फुकट पाणी मागा, लाजू नका. तिकीट काढण्याआधीच डब्याचं विचारा आणि प्रकृतीचं किंवा व्रताचं कारण स्पष्ट सांगा. हॉटेलच्या बिलात सेवाशुल्क न विचारता लावलं असेल तर काढायला सांगा. 4 जुलै 2022 च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचनांत ते ऐच्छिक ठरलं आहे आणि 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. कोणी ऐकलं नाही तर 1915 ला फोन करा.

आणि आपलं महिला मंडळ एखादं नाट्यगृह भाड्याने घेईल, तेव्हा पत्रिकेवर एक ओळ जरूर छापूया: घरचा डबा आणायला हरकत नाही, मध्यंतर सूर्यास्तापूर्वी होईल.

जय जिनेंद्र.