केनेटकाठची संध्याकाळ आणि पुण्याची खुद्री

2009 च्या जूनमध्ये मी रेडिंगला ऑनसाइट होतो. इंग्लंडमधलं रेडिंग म्हणजे आपल्या आयटीवाल्यांचं दुसरं हिंजवडीच, फक्त ट्रॅफिक जरा कमी :-) टेस्टिंग टीममध्ये पन्नाशीचा एक गोरा सहकारी होता. दिवसभरात चार वाक्यं बोलला तरी खूप. एके दिवशी पाच वाजता लॅपटॉप मिटत म्हणाला, "दोन-तीन तास आहेत का? मासे धरायला चल." तिकडे जूनअखेर सूर्य सव्वानवाच्या पुढे मावळतो, त्यामुळे ऑफिसनंतरही अख्खी संध्याकाळ शिल्लक असते.

गेलो. नदी केनेट. रेडिंगलाच ती थेम्सला मिळते. पाणी स्वच्छ, तळाशी खडी, काठावर वाकलेली विलोची झाडं. त्याने दोन गळ लावले. एकाला पावाचा तुकडा, चबसाठी. दुसऱ्याला डब्यातल्या मांसाचा चौकोनी तुकडा आणि वजन, म्हणजे तो तळाशी बसेल. हा बार्बेलसाठी. चब झाडाच्या सावलीत राहतो आणि तोंडात मावेल ते खातो. बार्बेल वाहत्या पाण्यात तळाला चिकटून असतो. त्याच्या तोंडाशी चार मिशा असतात, त्यांनी तो खडीत खाणं चाचपतो.

अर्ध्या तासात माझ्या गळाला चब लागला. किलोभराचा असेल. मी लगेच अस्सल मराठी प्रश्न विचारला, "खायला कसा लागतो?" तो हसला. म्हणाला, "काटेच काटे." आयझॅक वॉल्टनने 1653 साली 'द कम्प्लीट अँग्लर' लिहिलं, त्यात चबला स्वतंत्र प्रकरण आहे आणि हा नावडता मासा नीट शिजवला तर चांगला लागतो हे पटवायला चक्क पाककृतीही दिलीय. साडेतीनशे वर्षांनंतरही माझ्या मित्राला काही ते पटलेलं नव्हतं. चब परत पाण्यात गेला.

मग वाट बघत बसलो, आणि हा चार वाक्यंवाला माणूस बोलायला लागला.

बार्बेल मुळात इंग्लंडच्या पूर्वेला वाहणाऱ्या नद्यांतला. थेम्स, ट्रेंट, यॉर्कशायरची ऊज. पश्चिमेकडच्या नद्यांत तो नव्हताच. कारण? हिमयुगात समुद्र खाली होता, ब्रिटन युरोपला जमिनीने जोडलेलं होतं आणि थेम्सचं पाणी ऱ्हाईनच्या पाण्याला मिळत होतं. त्या वाटेने हा मासा आला. साधारण आठ हजार वर्षांपूर्वी मधली जमीन समुद्राखाली गेली आणि मासा इकडेच अडकला. गोड्या पाण्यातला मासा डोंगर ओलांडून शेजारच्या खोऱ्यात जात नाही. म्हणजे कुठल्या नदीत कुठला मासा, हा त्या भूमीचा जुना इतिहासच असतो.

आणि हा इतिहास माणूस एका दुपारीत बदलू शकतो. 1956 मध्ये 'अँगलिंग टाइम्स' या साप्ताहिकाने याच केनेटमधले पाचशेवर बार्बेल नेऊन पश्चिमेच्या सेव्हर्न नदीत सोडले. ते तिथे असे काही वाढले की सेव्हर्न बार्बेलसाठी प्रसिद्ध झाली. गळवाले खूश. पण तिथल्या मूळच्या माशांचं काय, हा वाद तेव्हापासून चालूच आहे.

मी विचारलं, "मग आपण आज आलो तर चालतं ना?" तर म्हणे, 16 जूनला नदी उघडते. 15 मार्च ते 15 जून मासे अंडी घालतात म्हणून नदीत गळ टाकायला बंदी. हा कायदा 1878 चा. तो आणणारे मंडेला हे शेफील्डचे खासदार, आणि त्यांच्यामागे शेफील्डचे गळवाले. म्हणजे ज्यांना मासे धरायचे होते, त्यांनीच स्वतःवर तीन महिने बंदी घालून घेतली!

इथे मला आमचं गाव आठवलं. पहिल्या पावसात ओढ्याने वर चढणारे चढणीचे मासे, कंदील घेऊन धावणारी पोरं, आजीचं कालवण. ते मासे अंडी घालायलाच वर येतात, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. मी गप्प बसलो.

परत आल्यावर मी वाचायला लागलो आणि पुण्यातच अडकलो. कर्नल साइक्स हे कंपनी सरकारचे अधिकारी. 1824 पासून दख्खनची माहिती गोळा करत हिंडत होते. 1839 साली त्यांनी इथल्या माशांचं वर्णन छापलं आणि शास्त्रीय नावांत आपल्या लोकांच्या तोंडची नावं घातली. कोलस, मुसुल्ला, पोटील. आणि बार्बस खुद्री. हो, बार्बस! बार्बेलचंच आडनाव. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला हा मासा म्हणजे आपला महसीर. आता त्याला टोर खुद्री म्हणतात. 'खुद्री' मात्र कायम आहे.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. धरणांमुळे महसीर कमी झाले म्हणून 1970 च्या दशकात लोणावळ्याला, टाटांच्या वाळवण तलावाजवळ, महसीरची पिल्लं वाढवायला सुरुवात झाली. काम चांगलं, हेतू चांगला. पण ही पिल्लं दूरदूरच्या नद्यांत गेली, कावेरीतही. कावेरीत आधीपासून स्वतःचा मासा होता, पाठीवर कुबड असलेला प्रचंड महसीर, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला. खुद्री वाढत गेली आणि कुबडवाला घटत गेला, हे दिसलं ते गळवाल्यांनीच ठेवलेल्या नोंदींतून. धरणं, वाळूउपसा, सुरुंग हेही होतंच. 2018 साली त्याला नक्की शास्त्रीय नाव मिळालं, टोर रेमादेवी. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. नाव आणि धोक्याची घंटा एकदमच. आणि ज्या मुळा-मुठेने 'खुद्री' हे नाव जगाला दिलं, तिचं पुण्यातलं पाणी आज कसं आहे ते पुलावरून जाताना नाक सांगतंच.

असो. त्या संध्याकाळी नऊच्या सुमाराला काठी एकदम वाकली. दहा मिनिटं झटापट झाली आणि सोनेरी-तपकिरी, मिशाळ बार्बेल जाळीत आला. मी फोटोसाठी कॅमेरा काढला. मित्र म्हणाला, "आधी मासा." दमलेला बार्बेल तसाच सोडला तर उलटा होऊन मरतो, उन्हाळ्यात तर जास्तच, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी. त्याने माशाचं तोंड प्रवाहाकडे केलं आणि गुडघाभर पाण्यात दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. पाच मिनिटं, कदाचित जास्तच. मग माशाने शेपटी हलवली आणि स्वतःहून निघून गेला.

फोटो राहिलाच. पण जूनमध्ये आता गावाहून फोन येतो, "मासे चढले, येतोस का?" मी जातो. कंदील नेतो, जाळं नेत नाही. चुलतभाऊ हसतात. हसू देत.