पुढच्या चाकाचा नट

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी कित्येकांस हसू येईल. निवृत्त शिक्षकाने बोलावे ते कवितेवर किंवा किल्ल्यांवर. मोटारीच्या पुढच्या चाकातील एका नटाचा इतिहास त्याने कशास सांगावा? परंतु हा नट किती आवळावा, या प्रश्नाने एके दिवशी माझे सारे कुटुंब संकटात टाकिले होते. त्या दिवसापासून मी या विषयाचा विद्यार्थी झालो.

चाक फिरते तेथे घर्षण आले, आणि घर्षण आले की उष्णता आली. आपल्या बैलगाडीवानास हे पक्के ठाऊक होते. म्हणूनच लांबच्या वाटेला निघताना तो वंगण बरोबर घेतल्यावाचून गाडी जोडीत नसे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली प्रवासी आगगाडी आली. तिला 14 डबे होते, सुमारे 400 पाहुणे होते आणि ओढावयास तीन इंजिने होती. पुढच्याच वर्षी, 1854 च्या मे महिन्यात, लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. त्या डब्यांचे आस मऊ धातूच्या खोबणीत वंगणावर घासत फिरत. वंगण आटले की आस तापे, आणि प्रसंगी गाडी वाटेतच उभी करावी लागे. बैलगाडी गेली आणि आगगाडी आली, तरी दुखणे तेच राहिले.

घासण्याऐवजी गडगडण्याची युक्ती तशी जुनीच आहे. वेल्समधील फिलिप वॉन याने 1794 साली गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. परंतु सर्व गोळ्या एकसारख्या व अचूक वाटोळ्या करणार कोण? ती अडचण जर्मनीतील श्वाइनफुर्ट गावच्या फ्रीड्रिश फिशर याने 1883 साली गोळ्या घासून काढण्याचे यंत्र बनवून दूर केली. तरीही एक प्रश्न उरलाच. गाडी वळणावर आली म्हणजे चाकावर केवळ वरून भार येत नाही. बाजूनेही रेटा बसतो. अमेरिकेतील सेंट लुइस शहरी घोडागाड्या बनविणारे हेन्री टिमकेन यांनी यावर उपाय शोधिला. त्यांनी रोलर सरळ न ठेविता एका टोकाकडे निमुळते केले आणि ते शंकूसारख्या कड्यावर बसविले. असा रोलर वरचा भार आणि बाजूचा रेटा दोन्ही सोसतो. 1898 साली त्यांस याचे पेटंट मिळाले. घोडागाडीसाठी निघालेली ही युक्ती पुढे मोटारीच्या कामी आली.

मात्र या युक्तीबरोबर एक जबाबदारीही आली. निमुळते रोलर पाचरीसारखे असतात. पाचर किती आत सरकवावी हे कोणी तरी ठरवावे लागते, आणि मोटारीच्या पुढच्या चाकात ते काम आसाच्या टोकावरील नटाकडे असते. नट ढिला राहिला तर चाक डगमगते, सुकाणू थरथरते आणि टायर वेडेवाकडे झिजते. नट अति आवळला तर रोलर व कडे यांवरील दाब वाढतो, चाक तापते, ग्रीस पातळ होऊन वाहून जाते आणि पोलाद पोलादास खरवडू लागते. या दाबास पूर्वदाब म्हणता येईल. मागच्या आसाच्या पेटीतील पिनियनला तो मुद्दाम व भक्कम द्यावा लागतो. पुढच्या चाकांची रीत वेगळी. पुष्कळ गाड्यांत तेथे दाब न ठेविता उलट एक ते पाच हजारांश इंच इतकी किंचित मोकळीक ठेवीत. आपल्या डोक्यावरील केसाची जाडी सुमारे तीन हजारांश इंच असते. मिस्त्रीची बोटे काय मोजीत असत, याची यावरून कल्पना यावी.

आपल्या भागात ही विद्या पसरली ती छोट्या मोटारीबरोबर. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 साली पहिली गाडी बाहेर पडली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. 1954 पासून फियाट 1100 येथे तयार होऊ लागली आणि 1974 साली तिचेच पद्मिनी असे नामकरण झाले. 1089 घनसेंटिमीटरच्या इंजिनाची ही गाडी डॉक्टरांच्या दारी, वकिलांच्या अंगणात आणि टॅक्सीच्या रांगेत सर्वत्र दिसू लागली. तिच्यामागोमाग ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत गल्लोगल्ली गॅरेजे निघाली. तेथील मुले पुस्तकावाचून, केवळ उस्तादाच्या हाताकडे पाहून शिकत.

आता माझी हकीकत सांगतो. तीसेक वर्षांपूर्वी मी एक जुनी छोटी गाडी घेतली होती. पुढच्या एका चाकात आवाज येऊ लागला, म्हणून नवे बेअरिंग बसवून घेतले. बसविणाऱ्या तरुणाने लांब पाना लावून, सारा जोर एकवटून नट आवळला, कॉटर पिन घातली आणि म्हणाला, "आता दहा वर्षे बघायला नको." मलाही समाधान वाटले; घट्ट ते पक्के, अशीच माझी समजूत होती. दुसऱ्या दिवशी पत्नी, वृद्ध आई व दोन मुले यांना घेऊन डोंबिवलीहून ठाण्यास निघालो. शिळफाट्याच्या अलीकडे जळक्या ग्रीसचा वास आला. उतरून चाकाच्या मध्यावरील टोपीला हात लाविला तो चटका बसला.

जवळच एका वयस्क मिस्त्रीचे छोटे दुकान होते. चाक गार झाल्यावर त्यांनी बेअरिंग काढून माझ्या तळहातावर ठेविले. एकाच दिवसाच्या त्या रोलरांवर निळसर झाक आली होती. पोलाद फार तापले की असा रंग येतो. "मास्तर," ते म्हणाले, "अजून थोडे गेला असता तर चाक जाम झाले असते." मागून भरधाव ट्रक येत होते. आई गाडीत माळ जपत बसली होती. मी काहीच बोललो नाही.

मग त्यांनी दुसरे बेअरिंग ग्रीसने नीट भरून बसविले. एका हाताने चाक फिरवीत दुसऱ्या हाताने नट आवळला, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. नंतर तोच नट मोकळा केला आणि पाना बाजूस ठेवून केवळ बोटांनी टेकविला. चाक वर-खाली धरून हलविले, कान लावून फिरविले, आणि पिनेचे छिद्र जुळेना तेव्हा नट पुढे न नेता किंचित मागे घेतला. "शंका आली तर मागे यावे," इतकेच ते म्हणाले.

पुढे काळ पालटला. 1983 साली मारुती 800 आली आणि पुढची चाके ओढणाऱ्या गाड्यांचे युग आपल्याकडे सुरू झाले. 1990 नंतरच्या दशकात आमच्या कल्याण–डोंबिवली परिसरातील प्रीमियरच्या कारखान्यात प्यूजो 309 तयार होऊ लागली. तीही त्याच जातीची. आजच्या बहुतेक गाड्यांत बेअरिंग बंदिस्त असते. त्यातील मोकळीक कारखान्यातच ठरलेली असते. मिस्त्रीने नट केवळ नेमून दिलेल्या जोराने आवळावयाचा. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली.

यात हळहळण्यासारखे फारसे नाही. हजारो कुटुंबांचे प्राण एखाद्या घाईच्या हातावर अवलंबून राहू नयेत, हे चांगलेच झाले. परंतु शिळफाट्यावरील त्या गृहस्थांचे स्मरण झाले की मला माझ्या वर्गाची आठवण येते. मुलांना पक्के करावे म्हणून मीही पुष्कळ वर्षे पाना लावून नट आवळीत होतो. त्या दिवसानंतर शाळेत गेल्यावर माझा हात थोडा सैल झाला, असे माझे जुने विद्यार्थी सांगतात.