घशातील जांभळे डाग आणि समाजाची दृष्टी : कापोसी सार्कोमाचा इतिहास

प्रस्तावना :
वैद्यकशास्त्राचा इतिहास हा केवळ शोधांचा इतिहास नसून समाजाच्या दृष्टिकोनाचाही इतिहास असतो. रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या यांच्या अस्तरपेशींशी निगडित असलेला ‘कापोसी सार्कोमा’ हा दुर्मीळ कर्करोग याचे बोलके उदाहरण होय. त्वचेवरील जांभळट डाग ही त्याची परिचित खूण असली, तरी टाळू, घसा व स्वरयंत्र येथेही त्याच्या गाठी आढळतात. त्यामुळे गिळणे अवघड होते, आवाज बसतो, क्वचित श्वासमार्गही अडतो. हा रोग नेहमी कोणत्या ना कोणत्या समूहाच्या नावे ओळखला गेला. त्या ओळखीचा कारणशोधावर काय परिणाम झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्हिएन्ना ते कंपाला :
हंगेरीतील कापोश्वार येथे १८३७ मध्ये जन्मलेल्या मोरिट्झ कोह्न यांनी १८७१ मध्ये जन्मगावावरून ‘कापोसी’ हे आडनाव स्वीकारले. १८७२ मध्ये त्यांनी व्हिएन्ना येथील पाच पुरुष रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. रोगाचे कारण अज्ञात असल्याचे त्यांनी नावातच सूचित केले होते. पुढे हा भूमध्यसागरी व पूर्व युरोपीय ज्यू वंशाच्या वृद्ध पुरुषांचा रोग मानला गेला. विसाव्या शतकाच्या मध्यास युगांडा व परिसरातील प्रौढांत, तसेच बालकांतही तो आढळू लागला, तेव्हा या समजुतीस तडा गेला. १९६१ मध्ये कंपाला येथे या रोगावर स्वतंत्र परिसंवाद भरला.

अमेरिका, १९८१ :
३ जुलै १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्क व कॅलिफोर्नियातील २६ समलिंगी पुरुषांना हा रोग झाल्याचे जाहीर केले. ‘समलिंगींचा कर्करोग’ असा शिक्का लगेच बसला. अंगावरील डाग वस्त्राखाली झाकता येत. चेहऱ्यावरील डाग मात्र रुग्णाची ओळख उघड करीत. आजाराबरोबर बहिष्कारही वाट्याला आला.

कारणाचा शोध :
१९९० मध्ये व्हॅलरी बेरल व सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची तफावत दाखविली. लैंगिक संबंधातून एचआयव्हीची लागण झालेल्यांत हा कर्करोग जितका आढळे, तितका रक्तघटकांतून लागण झालेल्या हिमोफिलियाच्या रुग्णांत आढळत नसे. अर्थात, दुसरा एखादा संसर्ग कारणीभूत असावा. १९९४ मध्ये युआन चँग व पॅट्रिक मूर यांनी नवा हर्पीस विषाणू शोधून काढला. हा विषाणू लाळेतूनही पसरतो. त्यामुळे आफ्रिकेतील बालकांच्या आजाराचाही उलगडा झाला. वृद्ध युरोपीय, आफ्रिकी बालक व एड्सग्रस्त तरुण यांना जोडणारा धागा वंश वा आचरण नसून विषाणू होता. भारतात १९८६ मध्ये एचआयव्हीची पहिली नोंद झाली आणि महाराष्ट्रालाही साथीची मोठी झळ बसली. तथापि हा कर्करोग येथे विरळाच राहिला. या विषाणूचे येथील अल्प प्रमाण हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते.

समारोप :
१९९६ नंतर संयुक्त औषधोपचारामुळे संपन्न देशांत या रोगाचे प्रमाण झपाट्याने घटले. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत मात्र तो आजही मोठा प्रश्न आहे. रोग कोणाला झाला, ही नोंद शोधाची सुरुवात असते. तिलाच कारण समजले की शोध खुंटतो आणि रुग्ण आरोपी ठरतो. साथीचा इतिहास शिकविताना हा भेद विद्यार्थ्यांसमोर स्पष्टपणे मांडणे अगत्याचे आहे.